साहेबाच्या देशातली विसरलेली माणसं आणि त्यांच्यात रमणारे आपण

पोटमाळा (धागाकर्ता)

प्रश्न आधी विचारून टाकतो, पाल्हाळ नंतर.

इंग्लंडचा इतिहास म्हटलं की सहा बायकांचा आठवा हेन्री, व्हिक्टोरिया राणी आणि मग आपल्याकडचं राज्य. शाळेने तेवढंच दिलं. राजेराण्या बाजूला ठेवून तिकडची साधी माणसं वाचायला आवडणारं इथे कुणी आहे का? दुकानदार, मोलकरणी, खेड्यातले पाद्री, दिवाळं निघालेल्या बायका. असाल तर तुम्हाला भेटलेलं माणूस कोण? आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी?

मी सॅम्युएल पीप्सपासून सुरुवात केली. तो काही विसरला गेलेला नाही, ठाऊक आहे. शिंप्याचा मुलगा, नौदलाच्या कचेरीत चिकटला आणि वर चढत गेला. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ रोजनिशी लिहिली, तीही लघुलिपीत. डोळे जातील या भीतीने थांबला आणि पुढे १७०३ पर्यंत जगला, डोळे शाबूत! १६६६ मध्ये लंडन जळत असताना हे गृहस्थ बागेत खड्डा खणून वाईन आणि पार्मेझान चीज पुरत होते. मुतखड्याची शस्त्रक्रिया त्या काळी भूल न देता व्हायची, त्यातून वाचला म्हणून २६ मार्चला मित्रांना जेवण घालायचा. तो खडाही जपून ठेवलेला.

पण माझा जीव जडला तो जेनवर. जेन बर्च, त्याच्या घरची मोलकरीण. आगीच्या रात्री तीनच्या सुमारास तिने मालकाला उठवलं. त्याने खिडकीतून पाहिलं, लांब आहे म्हणाला आणि परत झोपला. सकाळी तीनशे घरं जळाल्याची बातमीही जेननेच आणली. याच पीप्सने १६६० च्या डिसेंबरात तिला केरसुणीने रडेपर्यंत झोडपलं होतं, आणि ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे तिने त्याच्याच कारकुनाशी लग्न केलं, पीप्स तिच्या मुलाचा धर्मपिता झाला आणि ती विधवा झाल्यावर त्याने तिला वर्षासन लावून दिलं. तिच्या हातची एक ओळ शिल्लक नाही, तरी त्या नऊ वर्षांत ती दारामागे उभी असल्यासारखी जाणवत राहते. मला हीच चटक लागली आहे.

चहाटळ

जागा धरून ठेवतो. चीज मात्र मस्त मुरलं असेल.

माहीमकर_जुना

पीप्सच्या रोजनिशीत आपली मुंबईसुद्धा आहे, हे कुणी सांगायच्या आत मी सांगतो. ब्रागांझाच्या कॅथरीनबरोबर दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली, हे सगळ्यांना माहीत. पण पोर्तुगीज गव्हर्नर बेट ताब्यात देईना. १६६३ च्या मे महिन्यात पीप्स नोंद करतो की पोर्तुगीजांनी आपल्याला मुंबईच्या बाबतीत चक्क फसवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात लिहितो की मिळाली असती तरी ती जागा अगदीच किरकोळ आहे.

बेट ताब्यात घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन तर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघता बघता मेला. बरोबरची माणसं तापाने पटापट गेली. १६६५ मध्ये अखेर ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई कंपनीला देऊन टाकली. दहा पौंड! आज माहीमला त्यात स्कूटर लावायला जागा मिळणार नाही.

खडूस

हे सगळं ठीक. पण पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद कुणी हात लावेल म्हणून पडून आहेत. पेशवे दप्तरातून सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये ४५ खंड काढले, ते तरी आपण वाचलेत का? साहेबाची मोलकरीण तोंडपाठ आणि आपल्याकडच्या कुळंबिणी, बटक्या यांची चौकशी करायला वेळ नाही. मला यात आनंदापेक्षा दीडशे वर्षांची सवय दिसते.

पोटमाळा

@खडूस, मुद्दा रास्त आहे. पण मला मोडी येत नाही, इंग्रजी येतं. आणि एक फरक आहे. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत नोंदवायचं. त्यामुळे ज्याने आयुष्यात काही म्हणजे काही केलं नाही त्याचंही नाव तीन वेळा कागदावर येतं. आपल्याकडचा कागद बहुतेक महसुलाचा, नाहीतर मसलतीचा.

बोरूबहाद्दर

मोडी वाचतो, म्हणून बोलतो. "आपल्याकडे कागद नाही" हे अर्धसत्य आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. कोण आला, कुठून आला, बाप-आजा-पणजा कोण, बरोबर कोण होतं. कित्येक घराण्यांची वंशावळ त्यांच्याशिवाय जुळत नाही. फक्त त्या खाजगी आहेत, उपाध्ये ओळखीचे असले तर उघडतात.

आणि पोटमाळाभाऊ, इंग्रजी येतं म्हणून त्यांचे मूळ कागद वाचता येतील अशा भ्रमात राहू नका. सोळाव्या-सतराव्या शतकातलं ते सेक्रेटरी वळण बघा एकदा. h खाली शेपूट सोडते, e उलटा, शब्द तोडलेले. पहिल्या दिवशी मोडीइतकंच परकं वाटतं. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजने १५०० ते १८०० च्या हस्ताक्षरांचा शिकवणीवर्ग जालावर फुकट ठेवला आहे. मी गंमत म्हणून केला. मोडी वाचायची सवय तिथे कामाला येते, कारण दोन्हीकडे अक्षर ओळखायचं नसतं, हाताचा ओघ ओळखायचा असतो.

शेफील्डची_सून

मी राहते तिथून ईम हे गाव जवळ आहे, डर्बीशरच्या डोंगरात. प्लेगचं गाव म्हणून प्रसिद्ध. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या असं मानतात. शिंप्याकडचा जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा काढून टाकलेला पाद्री थॉमस स्टॅनली (दोघांचं धर्माच्या बाबतीत अजिबात पटत नव्हतं) यांनी मिळून गावाला वेशीबाहेर न जायला तयार केलं. सीमेवर एक दगड आहे, त्याला भोकं पाडलेली. भोकांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे. तो दगड अजून आहे, बोट घालून बघता येतं.

एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. कबरी शेताच्या मधोमध आहेत, एका दगडी कुंपणात. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. एकूण मेले सुमारे २६०.

मला तिथे गेल्यावर मॉम्पेसनचा राग येतो, खरं सांगायचं तर. त्याने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरीन मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये प्लेगने गेली.

कोर्टकचेरी

शेफील्डताई, ईमच्या गोष्टीवर बऱ्याच इतिहासकारांचा आक्षेप आहे. शौर्याची ती कथा मुख्यतः नंतरच्या कवींनी आणि लेखकांनी रंगवली असं त्यांचं म्हणणं. पूर्वी सांगायचे की साडेतीनशेच्या गावात २६० मेले, पण गावाची वस्ती त्याच्या दुप्पट तरी असावी असं आता मानतात.

शेफील्डची_सून

माहीत आहे वकीलसाहेब. पण वस्ती दुप्पट होती म्हणून हॅनकॉकबाईच्या सात कबरी कमी होत नाहीत ना.

कोर्टकचेरी

हरकत मान्य.

माझं माणूस एक नाही, मला आवडतं ते ओल्ड बेलीचं दप्तर. लंडनच्या या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत, १६७४ ते १९१३, जवळपास दोन लाख खटले, सगळे जालावर फुकट आणि शब्द टाकून शोधता येतात. हातरुमाल चोरणारा पोरगा, भाडेकरूने गहाण टाकलेली चादर, "मी दारूच्या गुत्त्यातून येत होतो" म्हणणारा साक्षीदार. बोललेलं इंग्रजी जसंच्या तसं वाचायला मिळतं अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

आणि पंचांची करामत बघा. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा जास्तीचा माल चोरला तर फाशी. म्हणून ज्यूरी निकाल द्यायची की चोरी झाली खरी, पण माल ३९ शिलिंगांचा! समोर ढळढळीत महागडी वस्तू पडलेली असली तरी. मग फाशीऐवजी माणूस जहाजात बसून अमेरिकेला, पुढे ऑस्ट्रेलियाला. कायदा बदलायला अनेक दशकं लागली, तोवर बारा जणांनी किंमत पाडून काम भागवलं. आमच्या बाररूममध्ये हे सांगितलं तर एक ज्येष्ठ म्हणाले, मुद्रांक शुल्कासाठी आपण अजून हेच करतो.

चहाटळ

हा प्रतिसाद नोंदणी कार्यालयात लावा फ्रेम करून.

खडूस

कोर्टकचेरींच्या प्रतिसादात माझाच मुद्दा आला. गरीब माणूस कागदावर कधी येतो? पकडला गेला तर, मेला तर, किंवा भीक मागितली तर. म्हणजे तुम्ही साधी माणसं नाही वाचत, सरकारला आणि चर्चला ज्यांचा उपद्रव झाला ती माणसं वाचता. उरलेली शेतात राबून मेली.

पोटमाळा

@खडूस, हा आक्षेप मात्र मला पटतो. जेनसुद्धा मार खाल्ला म्हणून आणि आग दिसली म्हणूनच आली.

गुळांबा

माझी एन्ट्री स्वयंपाकघरातून.

हॅना ग्लास. १७४७ मध्ये हिने पाककृतींचं पुस्तक काढलं, मुखपृष्ठावर नाव नाही, फक्त "एका बाईने" एवढंच. पुस्तक शंभर वर्षं खपलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या. ही मात्र १७५४ मध्ये दिवाळखोर झाली आणि पुस्तकाचे हक्क विकावे लागले. वर लोक म्हणायला लागले की हे कुणा पुरुषाचंच काम असणार. शब्दकोशवाल्या डॉ. जॉन्सनसाहेबांचं तर मत होतं की बायका सूत उत्तम कातू शकतील, पण पाककलेचं चांगलं पुस्तक लिहू शकणार नाहीत. ती नेमकी कोण, कुणाची मुलगी, हे १९३८ मध्ये एका संशोधक बाईंनी कागदपत्रांतून शोधून काढलं. म्हणजे सगळं इंग्लंड जिच्या पुस्तकावरून रांधत होतं तिचा जवळजवळ दोनशे वर्षं पत्ता नाही!

आता गंमत. त्यात "हिंदुस्थानी पद्धतीची करी" आहे. छापील इंग्रजी पुस्तकात करीची ही पहिल्यांपैकी एक कृती. पहिल्या आवृत्तीत हळद नाही, मिरची नाही. मिरे, कांदा, तांदूळ, कोंबडी नाहीतर ससा, आणि धणे. आणि धणे कशावर भाजायचे? विस्तवावर धरलेल्या स्वच्छ फावड्यावर! हळद-आलं नंतरच्या आवृत्त्यांत आलं.

मी करून पाहिली (तव्यावर, फावड्यावर नाही). सौम्य, तांदळामुळे दाटसर, लिंबू पिळल्यावर बरी लागते. सासूबाई म्हणाल्या, आजारी माणसाला द्यायला छान आहे.

वऱ्हाडी_ठेचा

सशाची करी अन् तिखट नाही? मंग काहाले मारला बिचाऱ्याले?

चहाटळ

"स्वच्छ" फावडं हे विशेष. म्हणजे अस्वच्छ फावड्यावर भाजणारे होते म्हणून लिहावं लागलं.

निवृत्त_हिशेबनीस

आयुष्य खतावण्यांत गेलं, त्यामुळे मला रोजनिशीपेक्षा जमाखर्च जास्त बोलका वाटतो. डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं तीसेक कुटुंबांचं मेंढपाळांचं गाव आहे. तिथे ख्रिस्तोफर ट्रिकी हा पाद्री १५२० ते १५७४ एकाच चर्चमध्ये होता. चार राजवटी, धर्म तीनदा उलटापालटा. याने सगळ्या वर्षांचे हिशेब स्वतःच्या हाताने लिहिले, आणि नुसते आकडे नाहीत. गावापुढे मोठ्याने वाचून दाखवायचे होते ते. कुणाच्या कळपात चर्चची कुठली मेंढी आहे, कुठली मेली, लोकर किती निघाली, कुणी मेणबत्तीला किती दिले.

त्याला श्राद्धाच्या प्रार्थनांसाठी काळी वस्त्रं हवी होती. वीसेक वर्षं पै-पै जमवली, लोकांनी मृत्युपत्रांतून दिली. १५४७ मध्ये ती वस्त्रं आली आणि दोन वर्षांच्या आत नव्या राजवटीने त्या सगळ्या विधींवरच बंदी आणली. हिशेबात यावर भाष्य नाही. चर्चमधल्या वस्तू कुणाच्या घरी दडवल्या त्याची यादी येते, बस्स.

१५४९ मध्ये त्या भागात बंड झालं. या गावाने पाच तरुण एक्सेटरजवळच्या छावणीत पाठवले आणि त्यांना दिलेल्या तलवारींचा, धनुष्यांचा, वाटखर्चाचा हिशेब ट्रिकीने चर्चच्या वहीत सरळ लिहून ठेवला. राजद्रोहाचा खर्च! आमच्या वेळी लेखापरीक्षणाला असं सापडलं असतं तर साहेबांना चक्कर आली असती. त्या पाचांपैकी काहींची नावं नंतरच्या वह्यांत पुन्हा दिसत नाहीत.

बोरूबहाद्दर

काका, दंडवत. हिशेबावरून एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो, नवखे इथेच ठेचकाळतात. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे कागदावर "१० फेब्रुवारी १६५९" असेल तर ते आपल्या हिशेबाने १६६०. पीप्सने १ जानेवारीला रोजनिशी सुरू केली तेव्हा सरकारी कागदांत १६५९ च चालू होतं. शिवाय १७५२ मध्ये पंचांग बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्या काळातली वंशावळ जुळवताना मुलाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधीचा दिसला, तर लगेच बोभाटा करू नका.

निवृत्त_हिशेबनीस

आणि १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आमच्या पिढीला सोपं आहे, १२ पैंचा आणा नि १६ आण्यांचा रुपया पाठ होता. तुम्ही मुलं कॅल्क्युलेटर काढाल.

सातारी_कंदी

धाग्यावर सातारा अजून कसा आला नाही? घ्या.

रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला आणि चौदा वर्षं तिथे राहिला. पैशाची ओढाताण, महाराज १८४७ मध्ये काशीत वारले, तरी हा कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये उभा राहून भांडतोय. पदरात काही पडलं नाही. परत आला. १८५७ मध्ये त्याच्या मुलाला साताऱ्यात फाशी दिलं आणि हा परागंदा झाला, तो सापडलाच नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्याच्यावर लिहिलं आहे म्हणून आपल्याला निदान नाव तरी माहीत. लंडनमधला इतिहास वाचताना मी त्याच्या वाटा शोधत बसतो. हासुद्धा इंग्लंडच्या इतिहासातला विसरलेला माणूसच की.

माहीमकर_जुना

त्याच्याही आधी, १७८१ मध्ये, राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला पोचला होता. सोबत एक पारशी बापलेक. ब्राह्मणाच्या सोवळ्याची पंचाईत झाली तेव्हा खासदार एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर स्वयंपाकाला, पूजेला देऊन टाकलं. इंग्लंडमधल्या काचघरात, शेजारी नाजूक झाडांच्या कुंड्या, आणि आत वरणभात शिजतोय असं चित्र मी कायम डोळ्यासमोर आणतो.

गुळांबा

वरणाची डाळ कुठून आणली असेल हा माझा खरा प्रश्न.

खडूस

रंगो बापूजींचं नाव निघालं हे बरं झालं. ते लंडनमध्ये ज्यांच्यासाठी भांडत होते त्यांच्याबद्दलच वाचा की मग आधी.

शेफील्डची_सून

खडूस, दोन्ही वाचता येतं हो. पोटात जागा असते.

मला अजून एक सांगायचं आहे, दोन दिवस सांगू की नको करत होते. लंडनला फाउंडलिंग म्युझियम आहे. थॉमस कोरम नावाच्या जहाजावरच्या कप्तानाने रस्त्यावर टाकलेली मुलं बघून सतरा वर्षं खेटे घातले, १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली आणि १७४१ पासून मुलं घ्यायला सुरुवात झाली. जागा कमी, आया जास्त. म्हणून पुढच्या वर्षापासून पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर मूल घेऊन परत जायचं, लाल निघाला तर थांबायचं.

आत घेतलेल्या मुलाचं नाव बदलत. पुढेमागे आई परत आली तर ओळख पटावी म्हणून नोंदीच्या कागदाला कापडाचा तुकडा टाचणीने लावत. बाहीचा, झबल्याचा, रिबिनीचा. असे सुमारे पाच हजार तुकडे लंडनच्या दप्तरखान्यात आहेत. अठराव्या शतकातल्या गरीब बायका काय नेसत-घालत, हे सांगणारा एवढा मोठा संग्रह ब्रिटनमध्ये दुसरा नाही. रंग अजून ताजे आहेत, वही बंद राहिल्यामुळे.

१७४१ ते १७६० मध्ये १६,२८२ मुलं आली आणि त्यातली १५२ परत नेली गेली. बहुतेक मुलं जगलीच नाहीत. सारा बेंडर नावाच्या बाईने १७६७ मध्ये आपला मुलगा चार्ल्स तिथे ठेवला. ठिगळं जोडून केलेल्या तुकड्यावर हृदय भरलं होतं, तो तुकडा मधोमध कापला, अर्धा तिथे दिला आणि अर्धा जवळ ठेवला. मुलाचं नाव तिथे बेंजामिन पडलं. आठ वर्षांनी, १७७५ मध्ये, ती आली आणि मुलाला घेऊन गेली.

पुढे त्यांचं काय झालं, घर कसं चाललं, तो तिला आई म्हणायला लागला की नाही, याचा कागद नाही. मी त्यावर विचार करत बसते, भांडी घासताना वगैरे.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, रडवता का आता. पोरगी शेजारी झोपली हाये माही.

कोर्टकचेरी

वाचनखूण साठवली. पुढच्या लंडनवारीत नक्की.

बोरूबहाद्दर

वातावरण जड झालंय, म्हणून पिंगपाँगची गोष्ट.

मार्जरी केंप. लिन नावाच्या बंदरातली, जन्म साधारण १३७३. चौदा मुलं. दारू गाळायचा धंदा काढला, बुडाला. मग हिला दृष्टान्त व्हायला लागले. चर्चमध्ये धाय मोकलून रडायची, इतकी की सोबतच्या यात्रेकरूंनी वैतागून हिला वाटेत टाकलं. जेरुसलेमला जाऊन आली. लिहिता येत नव्हतं, म्हणून म्हातारपणी आपली कहाणी दुसऱ्यांकडून लिहवून घेतली. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र असं पुष्कळ जण त्याला म्हणतात.

पाचशे वर्षं या पुस्तकातले थोडे छापील उतारे सोडले तर काही माहीत नव्हतं. १९३४ मध्ये चेस्टरफील्डजवळच्या एका खानदानी घरात पाहुणे पिंगपाँग खेळत होते. चेंडू पायाखाली आला, दुसरा शोधायला कपाट उघडलं तर आतून जुन्या वह्या बदाबदा खाली. घरमालक कप्तान भडकला, उद्या हे सगळं बाडबिस्तर जाळतो म्हणजे चेंडू तरी सापडतील! एक पाहुणा म्हणाला, आधी कुणा जाणकाराला दाखवा. त्यात मार्जरीबाई निघाल्या. ते हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

चहाटळ

चेंडू मिळाला का?

पोटमाळा

जाळण्यावरून आठवलं. किल्व्हर्ट नावाचा वेल्सच्या सीमेवरचा तरुण पाद्री, १८७० पासून रोजनिशी लिहीत होता, डोंगर, म्हाताऱ्या बायका, बर्फ. १८७९ मध्ये लग्न झालं आणि लग्नानंतर जेमतेम पाच आठवड्यांत पोटाच्या विकाराने गेला. बऱ्याच वह्या होत्या. निवडक भाग १९३८ ते ४० मध्ये छापला गेला, लोकांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर, म्हणजे महत्त्व कळल्यावर, एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंनी बहुतेक सगळ्या मूळ वह्या नष्ट केल्या. तीन उरल्या. मला त्या बाईंचाही अधूनमधून विचार येतो. तिच्या मते घरातलं खाजगी होतं ते. आपण तरी मेलेल्या माणसाच्या वह्या कुठल्या हक्काने वाचतो?

खडूस

आता कसं बोललात. पीप्सने जे चावट स्पॅनिश-फ्रेंच मिसळून लपवलं ते चारशे वर्षांनी डोंबिवली लोकलमध्ये वाचलं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पोटमाळा

पीप्सच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. त्याने सगळी रोजनिशी नीट बांधून घेतली, आपल्या तीन हजार पुस्तकांत ठेवली आणि संग्रह केंब्रिजच्या मॅग्डलिन कॉलेजला दिला, एकही पुस्तक हलवू नये अशा अटी घालून. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, बुटक्या पुस्तकांखाली लाकडाचे ठोकळे. इतका टापटिपीचा माणूस नको असलेलं जाळून गेला असता. जॉन स्मिथ नावाच्या गरीब विद्यार्थ्याने १८१९ पासून तीन वर्षं डोकं फोडून ती लघुलिपी उलगडली. लिपीचं पाठ्यपुस्तक त्याच ग्रंथालयात कपाटात होतं, त्याला कुणी सांगितलंच नाही!

नवखी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. सगळा धागा एका बैठकीत वाचला. पण मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर कुणीच दिलं नाही. सुरुवात कुठून करू? मला इतिहासाची काही पार्श्वभूमी नाही. पुस्तकं विकत घेणं परवडणार नाही, जालावर मिळेल ते.

कोर्टकचेरी

ओल्ड बेली. आपला व्यवसाय किंवा आवडता शब्द टाका, "टी", "शर्ट", "मंकी", काहीही. खटला दोन पानांचा असतो, कंटाळा येत नाही.

पोटमाळा

पीप्सची जुनी आवृत्ती प्रताधिकारमुक्त आहे, फुकट मिळते. त्यात चावट भाग गाळलेला आहे, एवढं लक्षात ठेव. पूर्ण पाठ १९७० नंतर छापला गेला. सलग वाचू नकोस, आज जी तारीख असेल त्या तारखेची नोंद वाच. २५ सप्टेंबर १६६० ला तो आयुष्यात पहिल्यांदा चहा पितो, तो दिवस चुकवू नकोस.

निवृत्त_हिशेबनीस

माझं मत वेगळं. पीप्समध्ये दरबार, आरमार, खूप नावं, नवखं माणूस गोंधळतं. बाळ, तू पार्सन वुडफर्ड वाच. नॉरफोकमधल्या खेड्यातला पाद्री, १७५८ ते १८०२ रोजनिशी. जगात फ्रेंच राज्यक्रांती होते आणि हा लिहितो आज जेवायला काय होतं. रात्री अँड्रूज नावाचा चोरटा व्यापारी येऊन सहा पौंड वजनाचा चहा देऊन जातो, पाद्रीबुवा निवांत पैसे देतात. एकदा त्यांची दोन डुकरं पिंपातला बिअरचा गाळ पिऊन इतकी झिंगली की उभी राहीनात. तेही नोंदवलं आहे, तारखेसकट.

नवखी

डुकरं जिंकली. धन्यवाद काका, आज रात्री वुडफर्ड.

वऱ्हाडी_ठेचा

काका, त्या पार्सनच्या जेवणात तिखट असते का काही?

निवृत्त_हिशेबनीस

मोहरी असते. बाकी उकडलेलं मेंढीचं मांस आणि पुडिंग. तुमचं तिथे जमणार नाही.